कळांचा जोर मोजायला संभाजीनगरला

छत्रपती संभाजीनगरला जाऊन आले असे सांगितले की ऐकणारा पहिला प्रश्न वेरूळचा विचारतो आणि दुसरा अजिंठ्याचा. दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर नकारार्थी असल्यामुळे पुढचे संभाषण बहुधा खुंटते. म्हणून आरंभीच सांगून टाकते, की या लेखात लेणी नाहीत. अजिंठ्याच्या वाटेवरच्या फर्दापूरपर्यंतसुद्धा मी पोहोचले नाही. फर्दापूरकडच्या एक बाई मात्र माझ्यापर्यंत येऊन पोहोचल्या, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्यामुळे लिहावा लागत आहे.

मी रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होते. ज्या वयात माझ्या मैत्रिणी निवृत्तीनंतरच्या सहलींचे बेत आखू लागल्या, त्या वयात मी संशोधनासाठी नाव नोंदवले. माझा विषय दाबमापनाचा. द्रवाचा दाब, वायूचा दाब, बंद नळीतला दाब यांवर मी निर्धास्तपणे बोलू शकते. परंतु मार्गदर्शकांनी सोपवलेले काम निराळेच निघाले: प्रसूतीच्या वेळी गर्भाशयात जो दाब निर्माण होतो, तो मोजणाऱ्या उपकरणांवर किती भरवसा ठेवावा, हे तपासायचे. माझा मुलगा आधी ठरवलेल्या दिवशी शस्त्रक्रियेने जन्मला. कळ म्हणजे काय, हे मला पुस्तकातूनच ठाऊक होते. ही उणीव कुणापाशी बोलून दाखवण्याचे धैर्य मला झाले नाही आणि मी बॅग भरली.

बसचा प्रवास वगळते. तो सर्वांचा सारखाच असतो.

चिकलठाणा

जालना रस्त्यावरच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत गायकेसाहेबांचा छोटा कारखाना आहे. मी तपासणार होते तो कळा मोजणारा पट्टा तिथे तयार होतो. माणूस मोकळा, बोलका. खुर्चीत बसण्यापूर्वीच त्यांनी तो पट्टा स्वतःच्या पोटाला बांधला, एक दीर्घ श्वास घेऊन पोट ताठ केले आणि पडद्यावर चढणाऱ्या रेषेकडे बोट दाखवले.

"बघा मॅडम, मला कळा आल्या!"

कामगार हसले. काय करावे हे न सुचून मीही हसले, आणि आपण योग्य ठिकाणी हसलो की नाही या विचारात पुढची काही मिनिटे घालवली.

वाचकांसाठी थोडा खुलासा करते. कळेचा दाब मोजण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात एक बारीक, मऊ नळी गर्भाशयात सरकवतात. तिच्या टोकाला दाब थेट कळतो, परंतु ती घालण्यासाठी बाळाभोवतीची पाणमोट फुटलेली असावी लागते, तज्ज्ञ हात लागतो, आणि तालुक्याच्या लहान दवाखान्यांत ती सहसा नसतेच. दुसरा मार्ग पट्ट्याचा. पोटावर एक चकती ठेवून ती लवचीक पट्ट्याने बांधतात. पोट कडक झाले की चकती दाबली जाते. जुन्या पट्ट्यांवरून कळ केव्हा आली आणि किती वेळ टिकली एवढेच समजे, तिचा जोर समजत नसे. आपला नवा पट्टा जोरही सांगतो, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये आकडा देतो, असा गायकेसाहेबांचा दावा होता. तो खरा ठरला तर जिथे नळी नाही तिथल्या डॉक्टरला त्या आकड्यावरून औषध कमीजास्त करता येणार होते. म्हणून एकाच बाईला, तिच्या संमतीने, एकाच वेळी नळी आणि पट्टा लावून दोन्ही आकडे जुळतात का हे मी पाहायचे.

दुपारी त्यांनी डबा पुढे केला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा, कांदा. आमच्याकडे जेवण म्हणजे भात आणि त्यावर काहीतरी पातळ. माझी नजर डब्याच्या खालच्या कप्प्याकडे वळलेली त्यांनी टिपली असावी.

"आमटी शोधता काय? आमची भाकरी कोरडीच खायची असती. ठेचा खावा, डोळ्यांतून येईल तेवढं पातळ पुरतं."

ते अक्षरशः खरे ठरले.

प्रसूतिकक्ष

ज्या रुग्णालयात काम होते त्याचे नाव इथे देत नाही. तिथल्या डॉक्टर वैशाली माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान होत्या आणि अशा वेगाने चालत, की त्यांच्याशी बोलायचे झाल्यास मला अर्धवट धावावे लागे. शाहीन सिस्टर मात्र संथ, भरदार आवाजाच्या. पहिल्याच सकाळी त्यांनी मला भिंतीशी उभी पाहिले.

"मॅडम, तुम्ही पाहुण्यासारखं काय उभं राहताय? इथं जागा मागायची नसते, घ्यायची असते. बैठो."

मी बसले. शेजारी माझी पेटी होती. तिच्यात दाबाचे प्रमाण-मापक होते. रोज सकाळी नळी आणि पट्टा त्याच्याशी ताडून पाहायचे आणि ते धूळ-धक्क्यापासून जपण्यासाठी पेटीला कुलूप लावायचे, असा मला दंडक होता. तो मी इतक्या निष्ठेने पाळला, की किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवून फिरत असे. बाळंतिणींबरोबर आलेल्या बायका त्या कुलपाकडे वारंवार पाहत. एकीने तर सरळ म्हटले, "बाई, पेटी उघडीच ऱ्हाऊ द्या की." मला वाटले कुतूहल असेल. मी तिला धूळ आणि सूक्ष्म उपकरणे यांविषयी समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मान वळवली.

आणखी एक गोष्ट पाहिली आणि तिचाही चुकीचा अर्थ लावला. कळा देणाऱ्या बहुतेक बायकांचे केस मोकळे असत. आमच्या बाजूला अशा वेळी केस घट्ट बांधून देतात, निदान मी तसेच पाहिले होते. इथल्या उकाड्यामुळे असेल, असे समजून मी तो विषय मनातून काढून टाकला.

गोंधळ खरा आकड्यांचा होता. सकाळी मी पट्टा बांधी तेव्हा नळी आणि पट्टा यांचे आकडे जुळ्या बहिणींसारखे बरोबर चालत. जेवून परत येई तोवर काही बायकांच्या पडद्यावर पट्ट्याची रेषा खाली बसलेली असे आणि नळीची पूर्ववत उंच. काहींच्या बाबतीत मात्र असे काहीच होत नसे. मी तापमानाचा संशय घेतला, मग विजेचा, मग बाळाच्या कुशी बदलण्याचा, आणि अखेरीस माझ्या आकलनाचा. हा शेवटचा संशय मला सर्वांत सवयीचा आहे.

तिसरा साक्षीदार असावा म्हणून मी परिचारिकांना पोटावर हात ठेवून कळेचा जोर सांगायला विनवले. शाहीन सिस्टर म्हणाल्या, "जोरदार." त्याच कळेला दुसऱ्या सिस्टर म्हणाल्या, "मध्यम." दोघींनी एकमेकींकडे पाहिले.

"तुझा हात थंड पडलाय," शाहीन सिस्टर म्हणाल्या.

"आणि तुमचा हात सगळ्यांना जोरदारच म्हणतो. लग्नातल्या बँडलासुद्धा."

म्हणजे नळी, पट्टा आणि हात मिळून आता माझ्याकडे तीन नव्हे, चार उत्तरे होती.

खुलताबाद

रविवारी काम बंद होते. शाहीन सिस्टरांचे माहेर खुलताबादचे. "वेरूळ तिथून हाकेवर आहे, पण तुम्हाला गर्दी सोसत नाही, मला कळतं," असे म्हणून त्या मला स्वतःबरोबर घेऊन गेल्या. घाट चढून वर गेल्यावर तटबंदीची वेस लागते, आणि आत लहानशी दुकाने, पेरू-सीताफळांच्या पाट्या आणि दर वळणावर एक दर्गा. समुद्राच्या गावातून आलेल्या मला तिथली कोरडी, स्वच्छ हवा परकी आणि फार आवडती वाटली. सिस्टरांच्या भावजयीने नान-खलिया वाढला. नान पिवळट, मऊ, ताटाएवढा, आणि मटणाचा रस्सा चांगला पातळ. माझा चेहरा खुलला असावा.

"देखो, मॅडमको पानी मिळालं!" सिस्टर म्हणाल्या आणि घर हसले.

संध्याकाळपूर्वी आम्ही एका दर्ग्यात गेलो. दगडी जाळीला लाल-पिवळे धागे बांधलेले होते, इतके की जाळीचा दगड दिसेना. नवस बोलताना धागा बांधायचा आणि नवस फळला की येऊन सोडायचा, असे सिस्टरांनी सांगितले. तेवढ्यात कपाळाला कुंकू लावलेली एक तरुण बाई तान्ह्याला खांद्यावर टाकून आली आणि एक धागा सोडू लागली.

"हाच तुमचा धागा, हे कसे ओळखलेत?" मी न राहवून विचारले. एरवी मी अनोळखी माणसांशी बोलत नाही.

"माझा कुठला सापडतोय आता! कोणताबी सोडायचा. गाठ सुटल्याशी मतलब."

मला ते काहीसे गैरशिस्तीचे वाटले. ज्याची गाठ अशी भलत्याने सोडली, त्याच्या नवसाचे काय? परतीच्या वाटेवर मी हा प्रश्न सिस्टरांना विचारला. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही झोपता कशा हो रात्री?"

सोमवारची दुपार

सोमवारी वर्षा नावाची पहिलटकरीण आली. ती चिकलठाण्याच्याच एका कारखान्यात औषधांच्या पाकिटांवर चिठ्ठ्या लावण्याचे काम करी. बाळंतपणासाठी माहेरी, फर्दापूरजवळच्या खेड्यात गेली होती. तिथून तिला इथे हलवले होते. सोबत तिची आत्या, कौसाबाई. उंच, काटक, डोक्यावर पदर, आणि कुठेही बसायला परवानगीची गरज न वाटणारी बाई. त्यांनी माझ्या पेटीकडे पाहिले, कुलपाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "किल्ली हरवली का?"

"नाही, माझ्याकडे आहे."

"मंग काढ की."

मी पुन्हा धुळीचे व्याख्यान दिले. कौसाबाईंनी ते अर्ध्यावर तोडले. "लई शिकलीस बाई," एवढेच त्या म्हणाल्या.

वर्षाने दोन्ही उपकरणांना संमती दिली. सकाळी आकडे सुरेख जुळले. कळा वाढवण्याचे औषध सलाईनमधून हळूहळू चालू होते. मी जेवून आले तेव्हा डॉक्टर वैशाली दोन पडद्यांसमोर उभ्या होत्या, आणि त्या कधी नव्हे त्या स्थिर उभ्या होत्या. पट्ट्याची रेषा बसली होती, नळीची उंच होती.

"बरे झाले आलात," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "पट्टा म्हणतो कळा ओसरल्या. तपासणीतही सकाळपासून फारशी प्रगती नाही, म्हणजे पट्ट्याचे खरे वाटते. तसे असेल तर मला औषध वाढवायला हवे. नळी म्हणते कळा आहेत त्याच भरपूर आहेत. तिचे खरे असेल आणि मी औषध वाढवले, तर गर्भाशय सैल पडायचेच नाही आणि बाळाचा श्वास कोंडेल. नळीही कधी गर्भाशयाच्या भिंतीला टेकून खोटे बोलते. मी ती आतून पाणी सोडून धुऊन पाहिली, आकडा तोच. बाळाचे ठोके आत्ता ठीक आहेत. तुम्ही या यंत्रांच्या परीक्षक. सांगा, कोणाचे ऐकू?"

आयुष्यभर मी मुलांना 'वाचनातील त्रुटी' शिकवली होती. त्या त्रुटीच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगी पलंगाची कड आवळून धरून आहे, असे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. मी खरे तेच सांगितले. "मला ठाऊक नाही. पण पट्टा सोडून पुन्हा बांधून पाहू द्याल का?"

वाकून पाहिले तर पट्टा मी सकाळी अडकवलेल्या भोकात नव्हताच. तो तीन भोके पुढे, अगदी ढिला अडकवलेला होता. चकती पोटावर नुसती टेकली होती, पाहुण्यासारखी.

"हा कोणी सैल केला?"

शाहीन सिस्टर खिडकीकडे पाहू लागल्या. वर्षाने डोळे मिटून घेतले.

"म्या केला," कौसाबाई म्हणाल्या. आवाजात तिळमात्र संकोच नव्हता. "बाळंतपण अडलेल्या पोरीच्या आंगावर गाठ ठिवत्यात व्हय? केस सोडले, कमरंचा करगोटा सोडला, घरच्या कोठीचं कुलूप काढून आले म्या. अन् तुम्ही इथं तिला दावं बांधल्यावानी बांधलंय. वरून ही पेटी कुलपात! लेकरू यावं कुठून?"

मला मोकळे केस आठवले, पेटीकडे वळणाऱ्या नजरा आठवल्या, आणि दुपारनंतर बसणाऱ्या सगळ्या रेषा.

"सिस्टर, तुम्हाला हे माहीत होते?" डॉक्टरांनी विचारले.

"हौ मॅडम. सगळ्याच करतात, आमच्यातही करतात. तुम्ही राउंडला आलात की आम्ही परत घट्ट करतो. जुन्या पट्ट्याला काय फरक पडत नव्हता ना, कळ आली एवढं तर दिसायचंच."

मी पट्ट्याला हात लावताच कौसाबाईंनी माझे मनगट धरले. पकड अशी, की कोणत्याही उपकरणाविना तिचा जोर कळावा.

"नाय."

"आत्या," वर्षा दातांतून म्हणाली. कळ ओसरत होती. "बांधू दे गं. त्यांना कळू तरी दे, मला काय होतंय ते."

कौसाबाईंनी भाचीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मंग तुझी पेटी उघड. एक बांधायची तर एक सोडायची."

नियमाप्रमाणे सकाळची ताडणी सोडली तर ते कुलूप मार्गदर्शकांच्या अनुमतीवाचून उपचारकक्षात उघडता येत नव्हते. मी गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडले आणि झाकण पूर्ण मागे टाकले. प्रमाण-मापक वाऱ्यावर पडले. कौसाबाईंनी आत डोकावून "एवढंच व्हय?" असे म्हटले आणि माझे मनगट सोडले.

मी पट्टा सकाळच्या भोकात अडकवला. पुढच्या कळेला त्याची रेषा उठली, चढत गेली आणि नळीच्या रेषेशेजारी जाऊन उभी राहिली. डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. "कळा भरपूर आहेत. औषध वाढवायचे नाही, उलट थोडे कमी करा. मग अडले आहे ते डोके तिरके असल्यामुळे. हिला डाव्या कुशीवर घ्या."

बाळ दिवेलागणीच्या आधी आले. मुलगी. ती प्रथम रडेना तेव्हा मी भिंतीला टेकले, आणि ती रडली तेव्हा कोणता चेहरा करायचा हे मला कळेना. कौसाबाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "पेटी उघडली अन् सुटली का नाय?"

"मला वाटते कूस बदलल्यामुळे," मी म्हणाले.

"व्हय, व्हय. त्येनं बी असंल," त्या उदारपणे म्हणाल्या.

निरोप

गायकेसाहेबांना सारे सांगितले तेव्हा ते प्रथम खूश झाले. "म्हणजे माझा पट्टा खरा! चूक वापरणाऱ्याची." डॉक्टर वैशाली म्हणाल्या, "मला पट्टा एकटा मिळत नाही गायकेसाहेब, आत्याबाईंसकट मिळतो. तालुक्याला तर नळीही नसेल. तिथल्या डॉक्टरने त्या आकड्यावर औषध वाढवले असते." दोघेही माझ्याकडे पाहू लागले. दोघांचेही बरोबर होते.

शिवाय माझ्या मनात एक काटा राहिला होता, तो मी त्यांना बोलून दाखवला. त्या दुपारी मी पट्टा आणखी एक भोक घट्ट बांधला असता, तर आकडा फुगला असता. मी तो नळीशी जुळला म्हणून 'योग्य' म्हटले. नळी नसती, तर कोणते भोक योग्य हे मला कोणी सांगितले असते? आणि आधीच्या बायकांपैकी कोणाचा पट्टा कोणी केव्हा सोडला, हे आता कसे कळावे? ते सारे आकडे मी बाजूला ठेवले आहेत. अहवालात शेवटी एवढेच ठामपणे लिहिले, की आपण सैल झालो हे पट्ट्याला स्वतःला कळत नाही, तोवर त्याच्या आकड्यावरून कोणाचेही औषध वाढवू नये. गायकेसाहेब म्हणाले, "सैल झाला की ओरडणारा पट्टा बनवतो. पण ओरडला तर त्या बायका तो खिडकीबाहेर टाकतील, ते बी लिहा."

निघण्यापूर्वी मी वर्षाला भेटायला गेले. कौसाबाईंनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात सीताफळे बांधून माझ्यापुढे ठेवली. चारी टोके ओढून त्यांनी वर एक गाठ मारली, आणि ती पुरेशी नाही असे वाटून तिच्यावर दुसरी.

"आता बांधायला हरकत नाही?" मी विचारले. माझ्या मानाने ही थट्टाच होती.

"आता काय! लेकरू आलंय. आता घट्ट बांधायचं, वाटंत सांडाया नको."

रत्नागिरीला पोहोचल्यावर स्वयंपाकघरात बसून मी ती गाठ सोडायचा प्रयत्न केला. नखे वापरली, काट्याचमच्याचे टोक वापरले. बाजूला माझी पेटी होती. तिचे कुलूप त्या दिवसापासून उघडेच आहे, प्रमाण-मापक आता पुन्हा तपासून आणावे लागणार. सीताफळे आत पिकू लागली होती, त्यांचा वास घरभर सुटला होता. मुलाने कात्री आणून दिली. मी ती बाजूला ठेवली आणि गाठीत पुन्हा नख घातले.